गर्मी कॅम्पचा गुंडू मेस्त्री

जगातली शहाणी माणसं उन्हापासून पळतात. पण एक जमात अशी होती, की दर जुलै-ऑगस्टात विमानं घेऊन हजारो मैलांवरून ऊन शोधत बहारीनला यायची, आणि ऊन जरा कमी पडलं की तोंड पाडून बसायची! गुंडू मेस्त्रीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो दोन दिवस एकटाच हसत होता. नंतर त्याचं हसू जे आटलं ते कायमचंच. ते कसं, तेच सांगायचंय.

बेटाच्या दक्षिणेला, जिथे ना गाव ना खजूर, नुसता दगडगोट्यांचा माळ आणि वाळू, तिथे ब्रिटिशांनी महायुद्धाच्या दिवसांत एक धावपट्टी आखून ठेवली होती. एकाहत्तर साली ब्रिटिश गेले आणि पट्टीवर वाळू चढली. मग तीनेक वर्षांनी एक परदेशी विमान कंपनी आली. तिने पट्टी झाडून घेतली, पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या, कुंपण घातलं. नव्या लष्करी विमानांची तिथे उन्हाळी परीक्षा चालायची. तापलेली हवा पातळ होते, विमानाला नीट उचलून धरत नाही. म्हणून किती डिग्रीला किती ओझं घेऊन विमान किती धावून उडतं, हे एकदा खऱ्याखुऱ्या उन्हात बघायचं आणि मगच ते फौजेच्या ताब्यात द्यायचं. साहेब लोकांच्या कागदांवर त्या जागेचं नाव भलं लांबलचक होतं. सित्रा बेटावरच्या मजूर क्वार्टरमधली आपली माणसं तिला ‘गर्मी कॅम्प’ म्हणायची.

गुंडू तिथे आला चौऱ्याहत्तर साली, शेडी ठोकणाऱ्या सुतारांच्या टोळीतून. राजापूरकडच्या एका वाडीतला. वय बत्तीस, बोलायला कमी, हाताला पक्का. घरी बायको शेवंती, आणि तो निघाल्यावर तीन महिन्यांनी झालेली मुलगी. तिला त्याने फोटोतच बघितलं होतं. दोन भाऊ होते, पण ते गुंडूच्या जिवावर. त्यांनी सुतारकीची हत्यारं माळ्यावर टाकली होती आणि गुंडूची पत्रं येतात का बघत ओटीवर बसून होते.

वाडीत शिवदास म्हणून एकजण होता. दुबईहून चार महिन्यांत परत पाठवलेला. त्याने काय केलं, का पाठवलं, कुणाला धड ठाऊक नव्हतं. पण तो पाणवठ्यावरून जायला लागला की बायका तोंडावर पदर घेऊन फिदीफिदी हसायच्या. गुंडूने हे डोळ्यांनी बघितलं होतं. बहारीनच्या विमानात पाय ठेवताना त्याने देवाजवळ एवढंच मागितलं होतं, की बाबा रे, काय पण कर, माझा शिवदास करू नको.

क्वार्टरच्या खोलीत आठ खाटा. गुंडूच्या शेजारची खाट मुख्तारची. श्रीवर्धनचा कोकणी मुसलमान, कॅम्पच्या ऑफिसात क्लार्क. इंग्रजी फाडफाड, टाइपिंग त्याहून फाडफाड, आणि जिभेला हाड नाही. गुंडू चौथी शिकलेला, लिहिता यायचं, पण पत्राचा कागद समोर आला की त्याचा हात आखडायचा. मग शेवंतीला पत्र मुख्तारनेच लिहायचं, आणि लिहितालिहिता खेचायचं. "अरे गुंड्या, बायकोला काय लिहू? ‘मी खुशाल, तू खुशाल’ झालं. आणखी? तुला देवानं तोंड दिलंन ते फक्त जेवायला काय?" गुंडू लाजून हसायचा आणि मुख्तार आपल्या पदरच्या चार गोड ओळी लिहून टाकायचा. शेवंतीला वाटायचं, बहारीनला जाऊन नवऱ्याला कंठ फुटला!

पट्टीच्या टोकाला, शेडींपासून दोन मैल लांब, चार पायांवर छातीएवढ्या उंचीची एक पांढरी लाकडी पेटी होती. आत थर्मामीटर. चारी बाजूंना झडपा, म्हणजे वारा आत खेळेल पण ऊन शिरणार नाही, दार उत्तरेला. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाळूच्या वाऱ्याने त्या झडपा खिळखिळ्या झाल्या. गुंडूने सगळ्या नव्याने केल्या, एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून. परीक्षेचा मुख्य इंजिनियर केंडल साहेब. तो पेटीभोवती दोनदा फिरला, बोटाने झडपा वाजवून बघितल्या आणि म्हणाला, हिला जपणारा माणूस हाच.

तेव्हापासून गुंडू आकडे वाचणारा झाला. सकाळी आठ ते दुपारी चार, दर तासाला पेटी उघडायची, पारा वाचायचा, बाजूच्या पत्र्याच्या टपरीतून ऑफिसला फोन करायचा. तिकडे मुख्तारने तक्त्यात लिहून घ्यायचं, संध्याकाळी टाइप करून खाली सही ठोकायची. पारा वाचायला शिकवलं तेही मुख्तारने, अर्धा दिवस चहाच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून. दार फार वेळ उघडं ठेवायचं नाही, आकडा चुकवायचा नाही, एवढं गुंडूला सांगण्यात आलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. सुताराला काय करायच्यात उठाठेवी!

पण तहान तर सुतारालाही लागते. टपरीतल्या पिंपातलं पाणी दहा वाजेपर्यंत असं तापायचं, की त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी. बर्फाचा डबा साहेबांच्या शेडीत. शहात्तरच्या जुलैत गुंडूने ‘आली’ नावाच्या गावातल्या कुंभाराकडून मातीचा खुजा आणला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि सावली शोधायला लागला. अख्ख्या माळावर वारा खेळती सावली एकच होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने केली होती. पाण्याचा खुजा आपण घरी कुठे ठेवतो? जिथे सावली आणि वारा, तिथे. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. त्याने खुजा पेटीत ठेवला, थर्मामीटरच्या बरोबर खाली. तासाभराने घोटभर प्यायला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, इतकं ते गार होतं. वर त्याच्या मनात आलं, की काचेचं नाजूक यंत्र बिचारं, त्यालाही जरा गारवा बरा.

त्याला चोरी करायची नव्हती. पण कॅम्पवर एक रीत होती, कुणी न शिकवता सगळ्यांना आलेली. साहेबाची जीप दिसली की मजुरांनी आपले डबे, बाटल्या, चपला नजरेआड करायच्या. कामाच्या जागी आपलं खाणंपिणं साहेबाला दिसू नये, असं सगळे धरून चालायचे. साहेबाला त्याचं काही वाटतं का, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. जीपच्या धुळीचा लोट दोन मैलांवरून दिसायचा. लोट दिसला की गुंडू खुजा उचलून टपरीमागे ठेवायचा. केंडल साहेब पेटी उघडायचा तेव्हा आत एकटा थर्मामीटर लटकत असायचा.

त्याच जुलैत दोन नवी लढाऊ विमानं परीक्षेला आली, आणि पारा चाळिशीच्या पुढे सरकेना. तिकडे मुहर्रकच्या विमानतळावर, अगदी समुद्राच्या कुशीत, त्रेचाळीस. आणि इथे भर माळावर चाळीस? केंडल साहेबाचं डोकं फिरलं. पाच आठवड्यांचे तक्ते त्याने टेबलावर पसरले. आकडे खोटे असले, तर पाच आठवड्यांची सगळी उड्डाणं पाण्यात.

संशयाला जागा होतीच. मागे एका गुरुवारी मनामा शहराची बस गाठायची म्हणून मुख्तारने चारचा आकडा तीनलाच टाइप करून टाकला होता आणि पकडला गेला होता. तेव्हा ताकीद देऊन सोडलं होतं. या खेपेला सगळ्यांनी एकच काढलं, की हा टेबलावर बसून आकडे रचतो.

गुरुवारी गुंडूला ऑफिसात बोलावलं. समोर केंडल साहेब आणि कंत्राटदाराचा मॅनेजर. आणि दुभाषा कोण? मुख्तारच! दुसरं मराठी येणारं होतं कोण तिथे? साहेब इंग्रजीत बोलला. मुख्तारने गुंडूकडे वळून मराठीत विचारलं.

"मेस्त्री, साहेब विचारतात, पेटीत कधी काय ठेवलं होतंस? खायचं, प्यायचं, कापडबिपड, काय पण?"

गुंडूला खुजा आठवला. साहेबासमोर डबा लपवणारा हात जसा आपोआप मागे जातो, तशी त्याची जीभ मागे गेली.

"नाय," तो म्हणाला.

"नीट आठव. घाबरू नको."

"नाय ठेवलं काय."

मुख्तारने साहेबाकडे वळून खड्या आवाजात सांगितलं, "नो सर. नथिंग." मित्राची साक्ष आपल्याच बाजूची, अशी त्या बिचाऱ्याची समजूत! पण पेटीत काही नव्हतं, वाचणारा खरा, म्हणजे लिहिणारा खोटा. हे साध्या मॅनेजरलाही कळत होतं. अर्ध्या तासात मुख्तारचा विसा कॅन्सल करायचं ठरलं. सोमवारी सकाळी दहाच्या विमानाने मुंबई.

तोवर गुंडूला वाटत होतं, की आपण फक्त बोलणी खायची चुकवली. खरं काय ते त्याला परतीच्या बसमध्ये कळलं, आणि तेही मुख्तारच्याच तोंडून. "साहेब का विचारत होता ठाऊक आहे? पेटीत ओलं काय असलं तर पारा खाली उतरतो म्हणे. आपण तापाला ओलं फडकं लावतो ना, तसंच." मुख्तारने खिडकीबाहेर बघत कडू हसून म्हटलं, "तिथं कोण ओलं ठेवणार? पाणी तर प्यायला मिळत नाय." सित्रा आलं तरी गुंडू जागचा उठेना. मुख्तारनेच दंडाला धरून खाली उतरवलं. त्याला वाटलं, मित्राला आपल्यासाठी एवढं लागलं.

त्याच क्षणी सांगायचं होतं. बसच्या पायरीवर, क्वार्टरच्या दारात, कुठेही. पण गुंडूच्या डोळ्यांसमोर पाणवठा उभा राहिला, बायकांचे पदर उभे राहिले, ओटीवर बसलेले दोन भाऊ उभे राहिले. उद्या सांगू, असं म्हणून त्याने ताट पुढे ओढलं.

शुक्रवारी सुट्टी. मुख्तारने मनामाच्या बाजारातून बायकोसाठी चिनी मातीच्या कपबश्या आणि मुलीसाठी, अजरासाठी, डोळे मिटणारी बाहुली घेऊन ठेवली होती. ती विमानात फुटू नये म्हणून गुंडूने त्याला खोकं करून दिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खोक्यावर बसला होता माणूस! कोपरे घासले, झाकणाला सरकती पट्टी केली, आत लाकडाचा भुसा भरला. हात चालत होते तोवर तोंड उघडावं लागत नव्हतं. मुख्तार शेजारी बसून म्हणत होता, "मेस्त्री, एवढं नक्षीकाम कशाला? मी काय नवरी आहे?"

शनिवारी गुंडू कामावर गेला तेव्हा भीतीपोटी खुजा टपरीतच ठेवून दिला. आणि पारा कुठे गेला? पंचेचाळिसावर! ऑफिसात टेबलावर तात्पुरता बसवलेला माणूस आकडे लिहून घेत होता, आणि जो तो म्हणू लागला, बघा, मुख्तारला उठवला नि आकडे एका दिवसात सरळ झाले. एवढ्याने त्याच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. आपल्या सावधपणाने आपण त्याला आणखी खोल गाडला, हे गुंडूला कळत होतं. कळूनही तो दुपारी चारपर्यंत आकडे सांगत राहिला.

रविवारी संध्याकाळी मुख्तार ट्रंक भरून खाटेवर बसला होता.

"गुंड्या, एक विचारू? तू वाचायचास ते बरोबरच वाचायचास ना? का माझ्याच लिहिण्यात गफलत व्हायची? मला आता माझाच भरवसा वाटेना झालाय."

"देवाशपथ बरोबर वाचायचो. पारा असायचा तोच सांगायचो."

आणि हे अक्षरन् अक्षर खरं होतं! म्हणूनच तर त्याला ते इतकं सहज बोलता आलं. अरे मेल्या, तोंड उघडलंच होतंस तर आणखी दोन शब्द जड होते काय तुला? पण नाही. मुख्तारने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग झालं. अल्लाला ठाऊक, तुला ठाऊक. बाकीचे गेले खड्ड्यात."

सोमवारी पहाटे कॅम्पच्या बसपाशी मुख्तारने त्याला मिठी मारली. गुंडू कामावर गेला. आठचा आकडा सांगितला. नऊचा सांगितला. दहाचा सांगितला. टपरीतल्या घड्याळाचा काटा दहाच्या पुढे सरकताना तो त्याच्याकडे बघत बसला होता. अकराचा आकडा सांगून झाल्यावर टपरीला कडी घातली आणि भर उन्हात दोन मैल चालत ऑफिसात गेला. पुढे आयुष्यभर तो स्वतःला सांगायचा, ड्युटी सोडून आधी कसा जाणार होतो? मग अकराला तरी ड्युटी कशी सोडलीस बाबा? खरं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. विमान उडेपर्यंत तो थांबला होता.

ऑफिसात हिंदी कळणारा एक केरळी स्टोअरकीपर होता. गुंडूने त्याला हिंदीत सांगितलं, "पानी का खुजा मैं रखता था पेटी में. साब को बोलो." केंडल साहेब खुर्चीतून उडालाच. गुंडूला आणि स्टोअरकीपरला जीपमध्ये घातलं, पेटीपाशी नेलं, खुजा भिजवून आत ठेवायला लावला आणि तासभर उन्हात उभा राहिला. पारा चार डिग्री आणि वर थोडा उतरला. साहेबाने गुंडूच्या पाठीवर जोरात थाप मारली. पाच आठवड्यांच्या आकड्यांत तेवढी डिग्री मिळवली की सगळी उड्डाणं वाचली! त्याला इतका आनंद झालेला गुंडूने कधी बघितला नव्हता.

"मुख्तारचं काय?" गुंडूने स्टोअरकीपरला विचारायला लावलं.

साहेबाने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि काहीतरी बोलला. स्टोअरकीपरने सांगितलं, "साब बोलता है, कल बोलता तो एक फोन का काम था. अब आदमी गया, विसा गया. खलास."

केंडल साहेबाने कंत्राटदाराला चिठ्ठी लिहिली म्हणतात. कंत्राटदाराने उत्तर दिलं, की तो आधीही एकदा पकडला गेला होता, आम्हाला परत नको. आणि गुंडूला शिक्षा? शिक्षा कसली! दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टपरीत रोज बर्फाचं पाणी पोचू लागलं. केंडल साहेबाने तसा हुकूमच काढला होता.

पुढचे दोन उन्हाळे गुंडू त्याच जागी आकडे वाचत राहिला. मधे सुट्टीवर घरी गेला, मुलीला उचलून घेतली, शेवंतीने पत्रांतला गोडवा प्रत्यक्षात शोधला आणि तो तिला सापडला नाही. मुंबईहून राजापूरला जाताना एसटी माणगावला थांबते. तिथून श्रीवर्धनचा फाटा. गुंडू त्या वेळी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या अखेरीस त्याच्या नावाने मुख्तारचं पत्र आलं. तो गावातच होता. दुसरीकडे कुठे विसा मिळाला नव्हता. जिथे जाई तिथे बहारीनचा कागद आडवा यायचा. एका वखारीत लिहायला बसायचा. लोक त्याला ‘आकडेवाला’ म्हणायचे, असं त्याने थट्टेत लिहिलं होतं, पण थट्टा साधली नव्हती. मग खाली होतं: "क्वार्टरमधला कुक उस्मान सुट्टीवर आला होता. त्याने उडत उडत ऐकलेलं सांगितलं, की पेटीत तुझा पाण्याचा खुजा होता, आणि तू स्वतः होऊन साहेबाकडे जाऊन कबूल केलंस. गुंड्या, माझा राग नाही. तहान कुणाला चुकली आहे? एवढंच कळव, तू सांगितलंस ते मी जायच्या आधी की मी गेल्यावर?"

गुंडूने ते पत्र दोन महिने उशाखाली ठेवलं. लिहून द्यायला कुणाला सांगणार? शेवटी एका शुक्रवारी स्वतःच बसला आणि आखडलेल्या हाताने लिहिलं: "तू जायच्या आदल्या दिवशी गेलो होतो. साहेबाने ऐकलं नाही. माफ कर." पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट.

कारण उत्तर महिन्याच्या आत आलं. चार पानी! मुख्तारने लिहिलं होतं, की हे वाचून मी आईला मिठी मारली. म्हणजे माझ्यासाठी कुणीतरी उभा राहिला होता. नोकरी पणाला लावून साहेबासमोर गेला होता, आणि तो माझा गुंड्या होता. सुट्टीत येशील तेव्हा सरळ घरी यायचं, नाही आलास तर याद राख. तिथून पुढे दर ईदला त्याचं पत्र यायचं, आणि प्रत्येक पत्रात ‘घरी ये’ हे असायचंच. गुंडू दर वेळी लिहायचा, लीव्ह मिळत नाही. लीव्ह मिळायची, राजापूरला जायची, परत यायची. माणगावला त्याचे डोळे मिटलेलेच.

ऐंशीनंतर गर्मी कॅम्पचे दिवस भरले. परीक्षेची विमानं यायची बंद झाली, केंडल साहेब कुठे गेला कळलं नाही. मग त्या माळावर खरी फौज आली. लांबलचक नवी पट्टी, तिच्याभोवती दोनदोन कुंपणं, पहारे. जुन्या शेडी, टपरी, पेटी, सगळं एका दुपारी बुलडोझरखाली गेलं. गुंडूला कंत्राटदाराने उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीतल्या नव्या इमारतींत दारं बसवायला पाठवलं. त्याने शेकडो दारं बसवली. त्या तळावर काय काय झालं, कुठली विमानं उडाली, हे कधी कुठे लिहिलं गेलं असेल तर त्यात मुख्तारचं नाव असायचं कारण नाही, आणि गुंडूचंही नाही.

शहाऐंशीत अजराच्या लग्नाचं आमंत्रण आलं. बाहुलीवाली अजरा! "माझी एकच इच्छा आहे," मुख्तारने लिहिलं होतं, "तू ये, आणि चार माणसांत तुझ्या तोंडाने सांग, की मुख्तारने आकडे रचले नव्हते. व्याह्यांकडे कुणीतरी जुनं उकरून काढलंय." गुंडूने आमंत्रण खिशात घालून आठ दिवस काम केलं. गेला असता, तर लोकांनी विचारलं असतं, मग तू सांगितलंस कधी? आणि मुख्तारने सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली असती. ती मिठी त्याला पेलणार नव्हती. त्याने मनामाच्या बाजारातून एक चांगली साडी घेऊन माणसाबरोबर पाठवली आणि लिहिलं, लीव्ह मिळत नाही.

अठ्ठ्याऐंशीत पत्र आलं ते अजराचं. अब्बा गेल्या महिन्यात वारले, छातीत कळ आली आणि गेले. पुढे तिने लिहिलं होतं: "काका, सासरी अजून टोमणे असतात, आकडेवाल्याची मुलगी म्हणून. अब्बा सांगायचे, जग काय पण म्हणो, एक माणूस माझ्यासाठी साहेबासमोर उभा राहिला, मी तिथे असतानाच. तुम्ही तुमच्या हाताने सगळं लिहून द्याल का? मी ते भिंतीवर लावीन."

गुंडूने लिहायला घेतलं. खुज्याचं लिहिलं, थर्मामीटरचं लिहिलं, तुझ्या अब्बांनी एकही आकडा रचला नाही, चूक माझी, त्यांची नव्हे, असं लिहिलं. सगळं खरं. मग, आपण साहेबाकडे गेलो तो दिवस कुठला, ते लिहायची पाळी आली. खरं लिहावं, तर मेलेल्या माणसाने नऊ वर्षं उराशी धरलेला एकुलता आधार त्याच्या मुलीच्या हातात फोडून द्यायचा. खोटं लिहावं, तर ते भिंतीवर चढणार. मुख्तार जिवंत होता तोवर कबूल करायला माणूस होता. तोही गुंडूने हातचा घालवला होता. तो दिवसभर त्या कागदापुढे बसून राहिला, आणि अंधार पडायच्या आत त्याने ते वाक्य पुरं केलं, खाली सही केली.

तीनेक महिन्यांनी श्रीवर्धनहून एक फोटो आला. अजरा, तिचा नवरा, कडेवर मूल, आणि मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत गुंडूचं पत्र. फोटो बोटभर, त्यातली अक्षरं मुंगीएवढी, कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती. गुंडूला तेवढे दोन शब्द वाचता आले. आदल्या दिवशी.